अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

आमच्या अल्बमच्या मधोमध चहा आहे. पाचवं गाणं संपतं, खुर्च्या सरकतात, शेगडी भप्पकन पेटते, कपबशा वाजतात, कुणीतरी "साखर बेतानं" म्हणतं, मग भुरके मारल्याचे आवाज, आणि मग सहावं गाणं. अल्बम नेटवर आल्यापासून लोक मला विचारतात, फाइल बिघडली आहे का? एका परीक्षण लिहिणाऱ्याने या चहाला 'धाडसी कल्पना' म्हटलं. ते वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. कल्पना कसली डोंबलाची. तो मामांचा हट्ट होता, आणि त्याला आम्ही तिघांनी एका आवाजात होकार दिला होता, तोही देवाला साक्षी ठेवून.

मामा गेल्या श्रावणात गेले. गेले तेसुद्धा आमच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची पोस्टरं गावभर लागल्यावर, पोस्टरच्या मधोमध त्यांचा फोटो असताना. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं अशी रीत आहे. मी प्रयत्न करून पाहिला. दोन वाक्यांपुढे गोडवा टिकत नाही. तिसऱ्या वाक्यात मला त्यांचं काहीतरी आठवतं आणि डोकं तापतं.

आधी आमच्याबद्दल सांगतो. मी रत्नागिरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि बेस गिटार वाजवतो. मुक्ता गाते, गिटार वाजवते आणि गाणी लिहिते. उरलेल्या वेळात ती वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकते. तिसरा निलेश, मिरकरवाड्याचा. घरची मच्छीमारी, पण हा बोटीवर न जाता जहाजावर गेला. काही महिने समुद्रात, काही महिने घरी. घरी असला की ड्रम वाजवतो. आम्हा तिघांना वेड एकच. आमच्या आईवडिलांच्या लहानपणी परदेशात जे रॉक वाजत होतं ते, आणि त्यात मिसळलेली तिकडच्या खेड्यापाड्यांची गाणी. टणत्कार करणाऱ्या गिटारी, उडता ठेका, लांब रस्ते आणि घर सोडून गेलेली माणसं. मुक्ताने या सगळ्यावर मराठी शब्द बसवले होते, आणि रस्ते आमच्याकडचे घातले होते. एक गाणं आरे-वारेच्या वळणांवर मोटारसायकल पिटाळणाऱ्या पोराचं होतं. दुसरं होतं 'लांजा थांबा', हायवेवर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बाईचं, संथ आणि जीवघेणं. अल्बमचं नाव 'सडा', कारण आमच्याकडे डोंगरमाथ्यावरचं ते उघडं कातळाचं मैदान सोडून दुसरं मैदान नाही.

रेकॉर्डिंगला जागा होती मुक्ताच्या काकांची आंब्याची शेड. हंगाम संपला की ती रिकामी पडते. रिकाम्या पेट्यांच्या भिंती रचल्या, मागे पेंढा टाकला, की आवाज घुमत नाही. अडचण एकच. निलेशला जहाजावरून बोलावणं यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. तो गेला की पुढच्या सुट्टीपर्यंत अल्बम लटकणार, आणि पुढच्या सुट्टीला शेडमध्ये आंबा असणार.

'लांजा थांबा'ला हवाईन गिटार हवी होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती. सूर तुटत नाही, ओढत ओढत पुढच्या सुरापर्यंत जातो. हल्ली ती वाजवणारं माणूस मिळत नाही. मुक्ता म्हणाली, "आईच्या गावाला आहेत एक. मुंबईला गोदीत होते, तिथल्या चाळीत शेजाऱ्याकडून शिकले. ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता रिटायर होऊन गावी आलेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "थोडे वेगळे आहेत."

हा 'थोडे' शब्द तिने कुठून आणला ते मला आजही विचारायचं आहे.

मुक्ताच्या आईच्या गावचे म्हणून तिचे मामा, आणि म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. गाव लांज्याच्या आत. तिथून ते रोज एसटीने यायचे, घोंगडीत गुंडाळलेली गिटार घेऊन. एकदा क्लासच्या कामासाठी मी लांज्याला गेलो होतो, येताना त्यांच्याबरोबर आलो. तेव्हा कळलं की गिटारीचं ते पूर्ण तिकीट काढतात. सामानाचं नव्हे, माणसाचं. कंडक्टर त्यांना ओळखून होता. वाद घालायचा त्याने केव्हाच सोडून दिला होता. गिटार खिडकीशी, मामा शेजारी. पालीला गाडी भरली आणि एक म्हातारी आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तेवडा गाठोडा खाली ठेवा की," म्हातारी म्हणाली.

"त्येचा तिकीट हाय, आये," मामा उठत म्हणाले. "तुमचा बी हाय, माजा बी हाय. तुमी माज्या जागेवर बसा."

म्हातारी बसली. मामा गिटारीवर एक हात ठेवून उभे राहिले. सत्तरीच्या जवळचा माणूस उभा असताना मी कसा बसणार? मग मीही उभा. हातखंबा गेलं, रत्नागिरी आलं. सबंध वाट गिटार खिडकीतून बाहेर बघत बसून आली आणि आम्ही दोघं दांड्याला लोंबकळत.

"मांडीवर घेतली असती तर?" मी उतरल्यावर विचारलं.

"मांडीवर ती कामाला बसते, मास्तर," ते म्हणाले. "परवासात तिला इस्रांती नको?"

शेडमध्ये त्यांचा पहिला दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी एकही गाणं झालं नाही. निलेशने आरे-वारेच्या गाण्याचा ठेका धरला, टगडक टगडक. मामांनी हात वर केला.

"ह्ये काय वाजवतोस?"

"घोड्याच्या टापा मामा. या गाण्यांना कंट्री म्हणतात, त्यात असं असतं."

"कंट्री म्हंजे गावच ना? मग आपल्या गावात घोडा कुनाकडं हाय?"

निलेश माझ्याकडे बघायला लागला.

"तुज्या बापानं कदी घोडा पायलान काय, निल्या? तुज्या घरी होडी हाय. होडी वाजव. इंजिन रोज ऐकतोस."

आता कुणीही म्हणेल, वा, काय बोलले. मलाही तेव्हा असंच वाटलं. दोन दिवस निलेश होडीचं इंजिन वाजवत राहिला. पहिल्या दिवशी ते मिरचीच्या गिरणीसारखं ऐकू आलं, दुसऱ्या दिवशी बिघडलेल्या मिरचीच्या गिरणीसारखं. मुक्ताला गाता येईना. शेवटी तिसऱ्या दिवशी निलेशने वैतागून परत घोडा लावला, आधी वाजवत होता तसाच, एक टाप इकडची तिकडे नाही. मामा डोळे मिटून ऐकत होते. मान डोलावून म्हणाले, "हां. आता आली होडी."

मी हेडफोन काढून बाहेर गेलो आणि फणसाच्या झाडाखाली जरा उभा राहिलो.

पण हे सगळं परवडलं. खरा छळ होता तो गाऱ्हाण्याचा.

आमच्याकडे कुठलंही शुभकार्य सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात हे तुम्हाला माहीत असेल. मानकरी उभा राहून ग्रामदेवतेला हाका मारतो, काय हवं नको ते मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. मामांच्या गावात हा मान त्यांच्या घराचा. वडील गाऱ्हाणं घालायचे, आजोबा घालायचे. मामा मुंबईत असताना शिमग्याला दरवर्षी रजा मिळेना, मग त्यांच्या चुलत भावाने घालायला सुरुवात केली. मामा रिटायर होऊन परत आले तेव्हा पालखीपुढे उभे राहिले, आणि गावाने सांगितलं, जो गावात राहिला त्याचा मान. भावाभावांत बोलणं बंद झालं. मामा त्यानंतर शिमग्याला पालखी घराशी आली की ओवाळायला बाहेर यायचे आणि गाऱ्हाणं सुरू झालं की आत जायचे.

हे मला मुक्ताने नंतर सांगितलं. तोवर त्यांचं ते गाऱ्हाणं आमच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी रोज मामा उठायचे, टोपी सारखी करायचे, आंब्याच्या पेट्यांकडे तोंड करून हात जोडायचे. आम्हीही उभे. पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं. म्हातारं माणूस, मुंबईत जन्म काढून रीत विसरलं नाही, वगैरे. मग दुसऱ्या दिवशीचं गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा केदारलिंगा, आई नवलाय, आई पावणाय, आज ही पोरां तुज्या पायाशी जमली हायत."

"व्हय महाराजा."

"गाणी करताहत. तुजी किरपा असू दे."

"व्हय महाराजा."

"ह्यो मास्तर हाय. शिकलेला हाय. पोरांना हिशेब शिकवतो. पर ठेका यायच्या आदीच ह्यो पोचतो नि तथं उबा ऱ्हातो. त्येला जरा धीर दे."

"व्हय महाराजा," निलेश आणि मुक्ता मोठ्याने म्हणाले. मीही म्हणालो. तोंडात बसलेलं असतं ते, लहानपणापासून. शब्द तोंडातून निघून गेल्यावर कळलं की मी आत्ताच देवासमोर कबूल केलं, मला ठेका नाही.

हीच त्यांची पद्धत होती. मामा आम्हाला तोंडावर एक वाकडा शब्द कधी बोलले नाहीत. "झ्याक वाजवलात," एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं देवाच्या कानावर. निलेश झांजा फार बडवतो, त्याला आवर घाल. मुक्ताबाय गाणं संपत आलं की घरला जायची घाई झाल्यासारखं गाते, तिला सावकाश कर. कालचा चहा मास्तरांनी पातळ केलान, त्यांच्या हाताला माया दे. आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघं, आळीपाळीने शरमत, "व्हय महाराजा". तोंडावर बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. देवाशी चाललेल्या बोलण्यात मध्ये तोंड कसं घालणार?

एकदा मी न राहवून म्हटलं, "मामा, हे तुम्ही आम्हाला सरळ सांगा ना."

"तुमाला सांगून काय उपेग? तुमी ऐकताव थोडेच?" ते म्हणाले. "तो ऐकतो."

चहाचं प्रकरण असंच झालं. मामांच्या मते अल्बमला दोन बाजू असतात. पहिली बाजू संपली की कॅसेट काढायची, उलटायची, मधे चहा प्यायचा, मग दुसरी बाजू. ऐकणाऱ्याने उठलंच पाहिजे, नाहीतर पाचव्या गाण्याचं काय झालं ते त्याला कळत नाही. मी त्यांना समजावलं. कॅसेट नाही मामा, हे फोनवर ऐकतात, उलटायला काही नाही. एकेक गाणं सुटं ऐकतात. कित्येक जण तर अर्धंच ऐकतात. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते, मान हलवत होते. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात शेवटी, आमचे सगळ्यांचे दोष आटपल्यावर, त्याच लयीत, "नि हा अल्बम दोन बाजूंचा होऊ दे, मदी चाय असू दे, नि पोरांनी दिलेला शबुद पोरांकडनं मोडू नको देऊ."

"व्हय महाराजा."

तिघांनीही म्हटलं. मुक्ताने तर हात जोडून डोळे मिटून म्हटलं. मी म्हटलं, हे धरायचं नाही, आम्ही काही ऐकून म्हटलेलं नाही. निलेश दर्यावरचा माणूस. तो म्हणाला, "दादा, जहाजावर जायचंय मला. असलं काही मोडायचं नाही." मग काय करता. माइक लावून चहा केला. तो पातळच झाला होता, आणि तेही अल्बमवर कायमचं आहे. "जरा पत्ती टाकायची होतीत" हा आवाज मामांचा.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग ठेवलं कशाला या माणसाला? त्याचं उत्तर 'लांजा थांबा'. पहिल्यांदा त्यांनी ते मुक्ताबरोबर नुसतं वाजवून पाहिलं तेव्हा माइकसुद्धा लावले नव्हते. मुक्ता शेवटच्या ओळीवर येते, बाई थांब्यावर उठून उभी राहते, गाडी दिसते, पण ती गाडी गोव्याकडे जाणारी असते. तिथे मामांनी कांडी एका सुरावर ठेवून तो तसाच धरून ठेवला, आणि मग फार सावकाश खाली उतरले. गाडी न थांबता निघून जावी तसे. मुक्ता गायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. निलेशने काठ्या खाली ठेवल्या होत्या. मला रडू आलं हे मी सांगून टाकतो, कारण मामांनी दुसऱ्या दिवशी तेही देवाला सांगितलंच.

त्या एका सुरासाठी आम्ही बाकी सगळं सोसत होतो. आणि तोच सूर जायला लागला.

डावा हात. कांडी धरायचा. आधी आम्हाला वाटलं, दमले असतील. मग लक्षात आलं की लांब सूर धरला की कांडी थरथरते आणि सूर तळमळायला लागतो. वर जातो, खाली जातो, जागेवर राहत नाही. बाकीच्या गाण्यांत चालून गेलं, तिथे सगळं भरभर होतं. 'लांजा थांबा'त लपायला जागा नव्हती. मामा प्रत्येक वेळी म्हणायचे, "परत घेताव." परत घ्यायचो. परत तळमळायचा. ते कांडी खाली ठेवायचे, हात चोळायचे, कांडीकडे बघायचे. ती कांडी म्हणजे ट्रकच्या इंजिनातली पिन होती, गोदीतल्या कुणी मित्राने घासून दिलेली. दोष जणू तिचा असल्यासारखं ते तिला पंच्याने पुसायचे.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, गोळ्या घ्या, कमी होईल पण जाणार नाही. मामांनी गोळ्या घेतल्या की नाही ते केदारलिंगाला ठाऊक.

आणि मग निलेशच्या एजंटाचा फोन आला. जहाज ठरल्यापेक्षा आधी लागलं होतं. आठवडाही उरला नव्हता आणि राहिलं होतं एकच गाणं.

आम्ही तिघं शेडच्या मागे उभं राहून बोललो. कीबोर्डमध्ये हवाईन गिटारीचा आवाज असतो. अगदी खरा नाही, पण ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना कळणार नाही. निलेश म्हणाला, "मामांना कोण सांगणार?" मुक्ता म्हणाली, "मी नाही." मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. कटकटीची कामं आमच्यात माझ्याकडे असतात. मी म्हटलं, उद्या सांगतो. रागावून म्हटलं, कारण मला मामांचा राग आला होता. दोन महिने आमचा छळ करून हा माणूस नेमक्या त्या सुराला दगा देतो म्हणजे काय?

सांगायची वेळ आली नाही. मामांना कुणी सांगितलं माहीत नाही. शेडची भिंत पत्र्याची आहे, कदाचित पत्र्याने सांगितलं असेल.

सकाळची वेळ. ऊन पेट्यांवर आलं होतं. मी कीबोर्ड आणला होता आणि तो कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवला होता, जसा काही कुणाला दिसणार नव्हता. मामा आले. गिटार खुर्चीवर टेकवली. टोपी सारखी केली. हात जोडले. मी सवयीने सगळे माइक चालू केले होते.

"बा केदारलिंगा, आई नवलाय, आई पावणाय."

"व्हय महाराजा."

"निल्या जहाजावर चाललाय. दर्यात त्येच्या पाटीशी ऱ्हा."

"व्हय महाराजा."

"मुक्ताबायनं शेवट सावकाश केलान. मास्तर बी हल्ली थांबून पोचतो. तू ऐकलंस. तुजे उपकार."

"व्हय महाराजा."

मग ते थांबले. पुढचं बोलले तेव्हा आवाज तसाच होता, रोजचा, देवाला ऐकू जाईल असा.

"नि ह्यो म्हातारा हाय. ह्येचा डावा हात ह्येच्या ताब्यात नाय ऱ्हायला. पोरांना ठावं हाय. भिडेपायी पोरां बोलत नायत, कोपऱ्यात वाजवायची पेटी आणून झाकून ठेवली हाय. त्यांची भीड तोड. ह्या म्हाताऱ्याला हतनं उठव. पेटीवर वाजवून गाणा पुरा करून घे."

या वेळी 'व्हय' आलं नाही.

मामा हात जोडून, तोंड पेट्यांकडे करून उभे होते. ते वाट बघत होते. बाहेर कुणाची तरी रिक्षा वळली आणि तिचा आवाज लांब गेला. निलेशने मान खाली घातली होती. मुक्ताने ओठ दाताखाली धरला होता. माझ्या तोंडात ते दोन शब्द तयार होते, लहानपणापासून असतात तसे, आणि मी दात आवळून धरले होते.

"व्हय म्हणा," मामा न वळता म्हणाले.

कुणी म्हणेना.

"मास्तर."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

आता ते वळले. गाऱ्हाण्याच्या मधे मानकरी वळत नाही. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड लाल झालं होतं.

"ह्यो पोरखेळ नाय. देवाम्होरं बोललोय मी. व्हय आल्याबिगर गाऱ्हाणा पुरा व्हत नाय."

"नको होऊ दे."

"अवो, मग माला हतनं हलता येत नाय. गाऱ्हाणा अर्दा टाकून मानकऱ्यानं जागा सोडायची नसते."

"नसते ना?" मी म्हटलं. "मग बसा."

दोन महिने मी ज्या नियमाखाली भरडला गेलो होतो तो अचानक माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता, आणि मी तो सोडणार नव्हतो. मुक्ताने खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. निलेश जाऊन ड्रमवर बसला. मामा आम्हा तिघांकडे बघत राहिले. चिडले होते, खरंच चिडले होते. आम्ही त्यांच्यावर रोज चिडायचो तसे पहिल्यांदाच ते आमच्यावर चिडले होते.

"सूर हालणार," ते म्हणाले.

"हलू दे," मुक्ता म्हणाली.

"आयुष्यभर ऱ्हाईल तो. लोक ऐकतील."

"ऐकू दे की मामा."

ते बसले. गिटार मांडीवर घेतली. कांडी पंच्याने पुसली.

सूर हलला. उगाच खोटं सांगत नाही. देवाने हात स्थिर केला, चमत्कार झाला, असलं काही झालं नाही. मुक्ता शेवटच्या ओळीवर आली, गाडी गोव्याकडे निघाली, आणि मामांनी कांडी त्या सुरावर ठेवली, आणि तो सूर थरथरत राहिला, आणि त्यांनी तो सोडला नाही. थरथरतच सावकाश खाली आणला. अल्बमवर तो तसाच आहे. ऐकणाऱ्याला कळतो. एकाने मला विचारलं, कुठला इफेक्ट वापरलात? मी म्हटलं, मिळत नाही तो आता.

निलेश गेला. अल्बम आला. मामा अधूनमधून शेडवर यायचे, गिटारीचं तिकीट काढून. पण गाऱ्हाणं घालायचे नाहीत. पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसरं घालता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी दर वेळी निघताना दारात थांबायचे. "मास्तर, तेवडा व्हय ऱ्हायलाय." मी म्हणायचो, बघू. फोनवर तेच. चतुर्थीच्या शुभेच्छांना उत्तर तेच. या माणसाने माझ्याकडे बाकी कधी काही मागितलं नाही, आणि हे एक मागणं काही सोडलं नाही. मुक्ता म्हणायची, किती छळशील, म्हणून टाक. मी म्हणायचो, त्यांनी छळलं तेव्हा तू कुठे होतीस?

मग श्रावणात झोपेतच गेले. कार्यक्रम आम्ही रद्द केला. मामांना आवडलं नसतं. पण ते सांगायला देवाशिवाय कुणी मधे उरलं नव्हतं.

दिवसकार्य झालं, निलेश परत जहाजावर गेला, आणि एका दुपारी शेडच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. टोपी तशीच, नाक तसंच. हातात घोंगडीत गुंडाळलेली गिटार. मामांचा चुलत भाऊ. तोच, ज्याच्याकडे मान गेला होता.

"तुमच्याकडं द्या म्हनून सांगून ठेवलान," तो म्हणाला. मग खिशातून एसटीची दोन तिकिटं काढून त्याने टेबलावर ठेवली. "हिचा पूर्ण काढलाय. नायतर रातच्याला येऊन बोलंल."

मुक्ताने त्याला बसायला खुर्ची दिली. नेमकी ती मामांची होती. तो बसला नाही. पेट्यांच्या भिंतीकडे, माइककडे, कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बघत राहिला.

"हतं घालायचा काय तो?"

"हो. रोज."

"एक अर्दा ऱ्हायलाय म्हनत व्हता. शेवटच्या दिवसांत माज्याशी बोलला, तेवडाच बोलला. तुमी व्हय म्हनला नाय म्हने." त्याने टोपी सारखी केली, अगदी तशीच. "मी घालतो फिरून. त्येच्या घराण्याचा मान हाय, त्येच्याच शब्दांत घालतो. तुमी दोगा व्हय म्हना नि सोडवा त्येला. नायतर तो हतनं उठायचा नाय."

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. भाऊ हात जोडून पेट्यांकडे वळला होता आणि वाट बघत होता.

"तेच तर," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठलो. या वेळी पत्ती जास्त घातली.